चाळीस मिनिटांचं माप

आमच्या वहिनीला टेप लागायचा नाही. टेप गळ्यात असायचा, मापवहीही टेबलावर उघडी असायची, पण ते सगळं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस अंगण ओलांडून दुकानाच्या दारात यायच्या आत तिनं त्याला मनात मापलेलं असायचं. "छाती चाळीस, पोट बेचाळीस, डावा खांदा उतरलेला," ती सुईत दोरा ओवता ओवता पुटपुटायची. नंतर टेप लावला तर फरक निघायचा फार तर अर्ध्या बोटाचा. "आणि अक्कल?" दादा आतून विचारायचा. "तिला फार कापड लागत नाही," ती म्हणायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं सगळं: मागे संसार, पुढे दुकान. ती बेतायची, कापायची, शिवायची. तो काजं करायचा, बटणं लावायचा, इस्त्री फिरवायचा आणि गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंतवून ठेवायचा. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, दुसऱ्या शहरात शिकायला होती. मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, नवरा आणि मुलासह. वहिनी मला 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. आमच्या आईच्या धाकानं लागलेली ती सवय आई गेल्यावरही सुटली नाही. भांडतानासुद्धा "वन्सं, तुम्ही फार आगाऊ आहात," असं मानानं भांडायची.

आता कुलूपसाहेब. हे गृहस्थ चौथ्या मजल्यावर राहतात. कुठल्याशा कार्यालयातून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाले आणि खुर्चीची सवय तेवढी घरी घेऊन आले. इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. पाण्याची टाकी कधी धुवायची आणि जिन्यात सायकली का ठेवू नयेत, एवढाच त्यांचा मुलूख. त्यांनी लावलेल्या सूचना कुणी वाचायचं नाही. मग साथ आली आणि टाळेबंदी जाहीर झाली. हा शब्द अक्षरशः घेणारा एकच माणूस निघाला आणि नेमका तो आमच्या वाट्याला आला. टाळेबंदी म्हणजे टाळं हवंच, असं म्हणून त्यांनी मुठीएवढं कुलूप आणि जाड साखळी आणून गेटाला ठोकली. शेजारच्या इमारतींची गेटं नुसती लोटलेली असायची. आमची किल्ली साहेबांच्या गळ्यात, पांढऱ्या दोऱ्यात ओवलेली. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. त्याच आठवड्यात त्यांचं नाव कुलूपसाहेब पडलं. ते दादानंच ठेवलं.

मी साहेबांना बोल लावते खरी, पण आम्हीही काही शहाणे राहिलो नव्हतो. पहिल्या महिन्यात आम्ही भाजी साबणानं धुतली, वर्तमानपत्राला इस्त्री केली, दाराची बेल कोपरानं वाजवली. दुसऱ्या महिन्यात जिन्यात शेजारणीची पावलं वाजली की दार लोटून घ्यायला लागलो. तिसऱ्या महिन्यात आम्ही जे खिडकीत राहायला गेलो ते गेलोच. खिडकीतच चहा, खिडकीतच गप्पा, खिडकीतूनच दोरीला बादली बांधून सामान वर ओढायचं. अंगणात मांजर आलं तरी चोवीस खिडक्या उघडायच्या. पूर्वी खाली भांडण जुंपलं की चार जण सोडवायला धावायचे आणि दोन जण आगीत तेल ओतायला. आता कुणीच धावायचं नाही. सगळे वरून पाहायचे, आणि पाहिलं म्हणजे आपणही काहीतरी केलं असं वाटायचं.

त्यातच दुसऱ्या मजल्यावर कुणाला तरी ताप निघाला आणि इमारतीवर फलक लागला: लेखी परवानगीशिवाय कुणीही आत-बाहेर करायचं नाही. फलक लागल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर दादाच्या छातीत दुखायला लागलं. साथीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. हृदयाला काय, साथ नसतानाही दुखता येतं. वहिनीनं ओळखीच्या टॅक्सीवाल्याला फोन केला, तो लगेच आला. दादाला धरून ती गेटाशी पोचली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कुलूपसाहेब आधीच खाली उतरून खडूनं काढलेल्या गोलात उभे होते. तोंडावर दोन मास्क, गळ्यात किल्ली.

"परवानगी मागवलीय," ते म्हणाले. "येऊ द्या."

ती काही येईना. दादा गेटाला पाठ टेकून खाली बसला. वहिनीनं आधी विनवण्या केल्या, मग ती ओरडली, मग किल्ली ओढायला धावली. साहेब "अंतर, अंतर" करत जिन्यापर्यंत मागे गेले आणि इकडे दादा कलंडला म्हणून तिला परत फिरावं लागलं. टॅक्सीवाला बाहेरून साखळी हलवत राहिला. चोवीस खिडक्या उघड्या होत्या. मीही खिडकीतच होते. मुलाच्या अंगात कणकण होती आणि नवऱ्यानं दाराला आतून कडी घातली होती. मी खाली गेले नाही, पण वरून ओरडत होते, उघडा म्हणून. दोन पन्नासला साहेबांनी कुलूप काढलं. दादा गाडीतच गेला, दुसऱ्या वळणावर.

मला त्या माणसाचा गळा त्याच पांढऱ्या दोऱ्यानं आवळावासा वाटला होता, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

महिनाअखेरीला समितीचा अहवाल निघाला. कागद बादलीतून प्रत्येक घरी वर आला, सोबत दोरीला बांधलेलं पेन. सह्या करून खाली सोडायचा. सगळ्यांनी केल्या. माझीही आहे, न वाचता केलेली. कुणी तोंडावर फेकण्याआधी मीच सांगून टाकते. अहवालात लिहिलं होतं: 'तळमजल्यावरील रहिवाशाची प्रकृती बिघडल्याचे समजताच गेट तात्काळ उघडण्यात आले. तथापि कुटुंबीयांनी माहिती उशिरा दिल्याने दुर्दैवी घटना टळू शकली नाही.'

तात्काळ. म्हणजे उशीर झाला तो वहिनीकडून. त्या एका शब्दानं चाळीस मिनिटं गेटावरून उचलली आणि तिच्या घरात नेऊन टाकली. जो तो तो कागद वाचून हळहळायचा आणि जाता जाता म्हणायचा, "जरा आधी सांगायला हवं होतं हो." भाचीला चार महिने येताच आलं नव्हतं. ती आली, तेव्हा अहवाल तिच्याही वाचनात आला. तिनं आईला एकदाच विचारलं, "आई, तू उशीर केलास का गं?" वहिनी म्हणाली, "नाही." पोरीनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. आईपेक्षा चोवीस सह्या जास्त भरल्या. पुढे तिचे फोन आठवड्यावरून महिन्यावर गेले.

मी भाचीला समजावलं. म्हटलं, अगं, मी खिडकीत होते, घसा फुटेपर्यंत ओरडत होते. ती म्हणाली, "आत्या, तू आईच्या बाजूनं बोलणारच. कागदावर तर तुझीही सही आहे."

वहिनी साहेबांकडे तीनदा गेली. पहिल्यांदा त्यांनी दारातूनच, मधे खुर्ची ठेवून, सांगितलं की रेकॉर्ड एकदा झालं की बदलता येत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "शब्दांत काय ठेवलंय? माणूस गेला तो गेला." तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोनं दाराच्या फटीतून साहेब झोपलेत म्हणून सांगितलं. मागे साहेब शिंकल्याचं वहिनीला ऐकू आलं. त्यानंतर ती गेली नाही. तिला दुसरं काही नकोच होतं. तो शब्द त्याच माणसाच्या तोंडून पुसला जायला हवा होता, आणि तो लेकीच्या कानावर पडायला हवा होता.

साथ ओसरली, साखळी निघाली, पण लोक काही पूर्ववत झाले नाहीत. शाळा उघडल्या तरी बादल्या दोरीलाच राहिल्या. माणसं लिफ्टचं बटण पेनानं दाबायची. ओळखीचा कुणी जवळ आला की एक पाऊल मागे जायची आणि ते पाऊल गेल्याचं त्यांना कळायचंही नाही. कपडे शिवायला टाकणारेही दारातूनच बोलायचे. "माप जुनंच घ्या," म्हणायचे, आणि दीड वर्ष घरात बसून एकेकाचं पोट पुढच्या मजल्यावर गेलेलं. वहिनी म्हणायची, "बरं, जुनं तर जुनं." पूर्वीची ती असती तर गोड बोलून, थट्टा करून टेप लावलाच असता. आता ती लोकांना मागितलं तेच द्यायची.

आणि थोडं वरही द्यायची. पहिल्या मजल्यावरचा बँकवाला त्या दिवशी खिशात हात घालून उभा होता. त्याच्या तीन पँटचे खिसे तिनं आतून शिवून टाकले. तो बिचारा रुमाल ठेवायला जायचा आणि हात अडकायचा. "नवीन फॅशन आहे," तिनं सांगितलं आणि त्यानं मानलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दहा मिनिटं पाहून पडदा ओढून घेतला होता. त्यांचे नवे पडदे वीतभर अरुंद निघाले, कितीही ओढा, मधे फट राहायचीच. बाई तक्रार घेऊन आल्या तेव्हा वहिनी म्हणाली, "धुतल्यावर सैल पडतील." जो फक्त उभा राहून पाहत होता त्याला ती चाळिसाव्या दिवशी कपडे द्यायची, एक दिवस अलीकडे नाही की पलीकडे नाही. लोकांना वाटलं, नवरा गेल्यापासून हात मंदावला. मला खरं कळायचं आणि मी पदोपदी खूश व्हायचे. माझे कपडे मात्र ती वेळेवर आणि नीट शिवायची. मी समजले, मी तिच्या पंगतीत.

मग समितीनं ठरवलं की साथीच्या काळात इमारत सांभाळल्याबद्दल कुलूपसाहेबांचा गौरव करायचा. रविवारी सकाळी अंगणात खुर्च्या, पाहुणे, आणि साहेब स्वतः सगळे अहवाल वाचून दाखवणार. म्हणजे तो शब्द ध्वनिक्षेपकावरून पुन्हा एकदा. साहेबांचा जुना सूट आता त्यांना कोपरापर्यंतही चढेना. दुसऱ्या शिंप्याकडे जायचं तर गर्दीत जावं लागणार, आणि साहेब अजूनही गर्दीला घाबरून होते. मग ते वहिनीच्या दारात आले, म्हणजे दारापासून सहा फुटांवर. "म्हटलं, तुलाच काम द्यावं," ते म्हणाले. "तेवढीच बिचारीला मदत."

त्यांनी एक चिठ्ठी जमिनीवर ठेवली आणि काठीनं पुढे सरकवली. बायकोनं घरी घेतलेली मापं. वहिनीनं ती उचलून वाचली, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "छाती अडतीस?"

"अडतीसच. पहिल्यापासून."

"बरं," वहिनी म्हणाली. मी शेजारी उभी होते. अहो, आंधळ्यालाही ती चव्वेचाळीस दिसली असती.

शुक्रवारी वहिनी मला म्हणाली, "वन्सं, उद्या दहाला खाली या. साहेबांची ट्रायल आहे, टाचण्यांची डबी धरायला कुणीतरी हवं." मी ठरल्या वेळेआधीच गेले. साहेब आले, पडद्याआड जाऊन नव्या कपड्यात शिरले आणि बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा पँट दोन्ही हातांनी धरलेली आणि कोटाच्या दोन्ही बाजू एकमेकींना विचारत नव्हत्या. मी डबीत तोंड घातलं.

"हे काय केलंस?" साहेब म्हणाले.

"तुमच्या चिठ्ठीत होतं ते," वहिनी म्हणाली. "आता सहा फुटांवरून काही होणार नाही. उद्या घालायचा असेल तर मला जवळ येऊ द्यावं लागेल. स्टुलावर चढा, दारात, उजेडात."

साहेबांनी आधी मास्क नीट केला, मग चढले. अंगणाकडे तोंड करून, जमिनीपासून हातभर वर. वहिनीनं कामाला सुरुवात केली. पँटची शिवण कमरेपाशी उसवून ती चार टाचण्यांवर धरली. "पोट हलवू नका, टोचेल." कोटाच्या कुशी उसवल्या, आतलं राखीव कापड सोडलं. समोरची बाजू ओढून घेतली आणि दुहेरी दोऱ्यानं गळ्यापासून खाली शिवून टाकली. "अंदाज येण्यासाठी. नंतर काढायचीच आहे." मग म्हणाली, "हात खाली सोडा. बाहीची लांबी बघते." दोन्ही बाह्या मनगटापाशी कोटाच्या खिशांना शिवल्या, घट्ट, जाड दोऱ्यानं. साहेब छताकडे बघत उद्याच्या भाषणाचं सांगत होते. त्यांना काही कळलं नाही.

वहिनीनं दोरा दातानं तोडला, सुई टाचण्यांच्या गादीत खोवली आणि भिंतीवरचं घड्याळ काढून दाराशेजारच्या मशीनवर, त्यांना दिसेल असं उभं केलं. शेजारी फोन ठेवला. "लागलाय ना गं?" तिनं फोनला विचारलं. "ठेवू नको हं. ऐकत राहा." पलीकडे भाची होती.

"झालं का?" साहेब म्हणाले. "उतरतो."

"परवानगी मागवलीय," वहिनी म्हणाली. "येऊ द्या."

त्यांना हात उचलता येईना, तेव्हा कुठे उजेड पडला. आधी ते हसले, मग रागावले, मग म्हणाले, "कात्री घे मुकाट्यानं." ती खुर्चीवर बसून राहिली. पोलिसांना बोलावतो म्हणाले. ती म्हणाली, "बोलवा. फोन खिशातच असेल." मग ते ओरडले आणि ठरल्यासारख्या चोवीस खिडक्या उघडल्या. बँकवाला आला, शिक्षिकाबाई आल्या, सगळे आले. एकानं विचारलं, "काय झालं हो?" साहेब म्हणाले, "खाली या कुणीतरी." खिडक्यांत खूप कुजबुज झाली. जिन्यात पाऊल वाजलं नाही. चौथ्या मजल्यावरून त्यांची बायको तेवढी म्हणाली, "अहो, हलू नका, टाचण्या आहेत."

ते उतरून चालू लागले असते तर कुणीही अडवलं नसतं. पण पँट चार टाचण्यांवर होती आणि सावरायला हात नव्हते. उद्या ज्यांच्यासमोर गौरव व्हायचा तेच सगळे वर उभे. माणूस लाजेनं जेवढा जखडतो तेवढा दोऱ्यानं नाही. सांगू का, मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की डबीतल्या टाचण्या वाजत होत्या.

दहा मिनिटं गेली. "तुला काय हवंय?" साहेब म्हणाले.

"शब्द."

"कसला शब्द?"

"तात्काळ."

ते बोलू लागले. नियम होता, फलक होता, चोवीस घरांचा जीव त्यांच्या गळ्यात होता, त्यांनी कुणाकुणाचं बघायचं. वहिनी घड्याळाकडे बघत बसली. बोलून बोलून घसा कोरडा पडला, घाम डोळ्यांत उतरायला लागला आणि तो पुसता येईना. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास त्यांचे डोळे घामानं इतके चुरचुरले की घड्याळ दिसेनासं झालं. ते म्हणाले, "किती वाजले?"

वहिनी उठून उभी राहिली. "त्यांनीही हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "चार वेळा. मी चारही वेळा खोटं सांगितलं. आत्ताशी दोन मिनिटं झालीत म्हटलं, म्हणजे धीर राहील. तुम्हाला खरं सांगते. पंचवीस झालीत."

   चौतिसाव्या मिनिटाला साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "चाळीस मिनिटं."

"वरपर्यंत जाऊ दे."

"चाळीस मिनिटं मी गेट उघडलं नाही." आता ते ओरडलेच. "तिनं वेळेत सांगितलं होतं. तिच्याकडून काही उशीर झाला नाही. तात्काळ खोटं आहे. ऐकलंत?"

"आणि परवानगी?"

"एकदा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावलाच नाही."

"मग चाळीस मिनिटं कशाची वाट पाहत होतात?"

साहेबांनी मान वर केली. तो माणूस रडत होता आणि मला अजूनही त्याची दया येत नव्हती. "यांची," ते म्हणाले. "मला वाटलं, एक जण तरी म्हणेल उघडा म्हणून. मग मी उघडणार होतो. माझ्या एकट्यावर आलं नसतं. सारखा वर बघत होतो मी. एक माणूस बोलला नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही त्याची सख्खी बहीण. हीसुद्धा नाही."

मी म्हणणार होते, खोटं बोलतोय. जिभेवर आलं होतं.

"उतरू का?" साहेब म्हणाले.

"अजून सहा मिनिटं आहेत," वहिनी म्हणाली आणि बसली.

त्या सहा मिनिटांत फोनमधून भाचीचा आवाज आला. "आई," ती म्हणाली. मग, "आत्या आहे का तिथे? आत्या, तू तर ओरडत होतीस ना?"

मी त्या दिवशी तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. आवाज काढला नव्हता. काढला असता तर साहेबांनी वर बघून म्हटलं असतं, एवढं वाटतंय तर खाली या. त्या 'खाली या'ला मी घाबरले. मुलाची कणकण, नवऱ्याची कडी, सगळं खरं, पण खिडकीला कडी नव्हती. नंतर मी सांगत सुटले की ओरडले. दीड वर्ष इतक्यांना, इतक्या वेळा सांगितलं, की मला माझा तो आवाज ऐकूही यायला लागला होता. साहेबांनी कागदावर लिहिलं, मी तोंडी सांगितलं, एवढाच आमच्यात फरक.

"आत्या?" भाची म्हणाली.

चाळीस मिनिटं पुरी झाली. वहिनीनं कात्री घेतली आणि साहेबांच्या बाह्या सोडवल्या, मग समोरची शिवण. टाचण्या एकेक करून काढल्या आणि माझ्या हातातल्या डबीत टाकल्या. एकही टोचू दिली नाही. साहेब पँट धरून पडद्याआड गेले, आपले कपडे घालून आले आणि कुणाकडे न बघता अंगण ओलांडून गेले. सूट खुर्चीवर पडला होता. वर एकही खिडकी बंद झाली नव्हती.

वहिनीनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गिऱ्हाईक दारातून येताना बघायची तसं, नखशिखांत. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"डबी ठेव," ती म्हणाली. "चढ तू."

मी डबी ठेवली आणि स्टुलावर चढले. फोन चालूच होता.